गमक कुठल्या चौकटीत मावतं?

१९८६ साली मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, इळैयराजांनी ‘पुन्नगै मन्नन’च्या संगीतासाठी सिक्वेन्सर वापरला. त्या यंत्रांची भाषा मिडी, १९८३ सालची. मिडीत पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक म्हणजे ६१. मधल्या जागेला आकडाच नाही. पिच बेंडने सूर वाकवता येतो, पण त्या चॅनलवरचे सगळेच सूर वाकतात.

कर्नाटक संगीताची अडचण नेमकी इथे आहे. तिथे गमक हा वरून घातलेला दागिना नव्हे, सुराचा जीवच तो. त्यांच्या तोडीतला गांधार हलल्याशिवाय तोडी होतच नाही.

त्याच दशकात पॅरिसच्या इर्कॅम संस्थेत मिलर पकेट ‘मॅक्स’ घडवत होते. त्यात ओळींऐवजी पडद्यावर चौकोन मांडायचे आणि तारांनी जोडायचे. १९९६च्या सुमारास त्यांनीच ‘प्युअर डेटा’ हे मोफत, खुलं भावंड आणलं. इथे ६०.५ लिहिलं की बरोबर मधला सूर वाजतो. ६० वरून ६२ वर २०० मिलिसेकंदांत जा म्हटलं की मींड तयार!

मग चेन्नईत वीणा शिकणाऱ्याने यातलं काय निवडावं? हे मॅक्समध्येही जमतं. ते देखणं आहे, शिकायला सोपं आहे, पण विकतचं आहे. मी प्युअर डेटा सुचवेन, आणि ते केवळ फुकट आहे म्हणून नव्हे. त्याची फाइल साधा मजकूर असते आणि मूळ प्रोग्रामही सर्वांना खुला आहे. गुरुमुखातून आलेलं गमक एखाद्या कंपनीच्या आयुष्याला बांधू नये, एवढंच माझं म्हणणं.