घड्याळ आणि अंगावरचं दूध

घरी येणाऱ्या प्लंकेटच्या नर्सबाई आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाच्या. ही संस्था १९०७ साली डनेडिनला डॉ. ट्रुबी किंग यांनी काढली. हे गृहस्थ सीक्लिफच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख. तिथल्या शेतावर वासरांच्या आहाराचे प्रयोग करता करता बाळांकडे वळले! आईच्या दुधाचे ते कट्टर पुरस्कर्ते. पण शिस्त कडक : दर चार तासांनी पाजायचं, रात्री मुळीच नाही.

घोळ इथेच होता. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत बाळ जितकं ओढेल तितकं दूध वाढतं. मागणीच तोडली की पुरवठा आटतो, हे कुणाही इंजिनियरला कळावं. मग दूध पुरत नाही म्हणून बाटली, आणि दोष मात्र आईचा! वेलिंग्टनला १९५२ मध्ये पेरेंट्स सेंटर काढणाऱ्या आईबापांनी या वेळापत्रकाविरुद्ध आवाज उठवला.

आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत घड्याळ नसे. बाळ रडलं की पदराखाली. पण फुशारकी नको. पहिला पिवळसर चीक, बाळाचं रोगांपासून रक्षण करणारा, कित्येक घरांत पिळून टाकत. आमच्या लेकीच्या वेळी माझ्या आईने तेच सुचवलं, इथल्या मिडवाइफने ठाम नकार दिला. आई दोन दिवस घुश्शात होती. रात्री पाजण्याबाबत मात्र दोघींचं एकमत होतं.