व्हीआर हेडसेट : चार्जिंगची साधने आणि बॅटरीतील सुधारणा

आभासी वास्तवाचा (व्हीआर) हेडसेट चार्ज करण्यासाठी किंवा बॅटरीवर तो अधिक वेळ चालावा यासाठी मूळ यंत्राला जोडायची उपकरणे. चार्जिंग डॉक, बॅटरी बसवलेले डोक्याचे पट्टे, चुंबकाने चिकटणाऱ्या सुट्या बॅटऱ्या, कंट्रोलरचे रिचार्जेबल सेल, संगणकाशी जोडतानाच वीजही पुरवणाऱ्या केबल आणि कमरेला लावायच्या पॉवर बँक ही सगळी मंडळी यात येतात. मोबाइलच्या पॉवर बँकेशी त्यांचे जवळचे नाते आहे. पण मोबाइल हातात असतो आणि हेडसेट चेहऱ्यावर. त्यामुळे वीज किती साठवली याच्याइतकेच ती डोक्याच्या कोणत्या बाजूला साठवली, हेही इथे पाहावे लागते. या वर्गातली खरोखर चांगली साधने आधी वजनाचा तोल सावरतात; जास्तीची वीज हा त्यांचा दुसरा गुण.

२०१६ साली बाजारात आलेले ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह हे दोन्ही हेडसेट तारेने संगणकाला जोडलेले असत, त्यामुळे डोक्यावर बॅटरी नव्हतीच. चार्जिंगचा प्रश्न फक्त हातातल्या कंट्रोलरपुरता होता. व्हाइव्हच्या कंट्रोलरमध्ये रिचार्जेबल बॅटरी होती, तर रिफ्टच्या टच कंट्रोलरमध्ये प्रत्येकी एक पेन्सिल सेल बसे. सॅमसंगच्या गिअर व्हीआरमध्ये मोबाइलच डोळ्यांसमोर अडकवायचा असल्याने मोबाइलची बॅटरी तीच हेडसेटची बॅटरी. २०१८ मध्ये व्हाइव्हसाठी बिनतारी जोडणीचे साधन आले. चित्र ६० गिगाहर्ट्झच्या लहरींवरून येई आणि वीज कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या पॉवर बँकेतून. हेडसेटसाठी वेगळी बॅटरी विकत घ्यायची सवय गिऱ्हाइकांना लागली ती साधारण इथून. त्याच वर्षी ऑक्युलस गो आणि मे २०१९ मध्ये ऑक्युलस क्वेस्ट हे संगणकाशिवाय चालणारे हेडसेट आले. पडदा, प्रोसेसर, कॅमेरे आणि बॅटरी सगळे नाकासमोर येऊन बसले, आणि उपसाधनांची बाजारपेठ उभी राहिली.

विजेचा हिशेब. बॅटरीची तुलना एमएएचच्या आकड्यांवरून करण्याची पद्धत आहे, पण ती फसवी ठरू शकते. वेगवेगळ्या व्होल्टेजच्या बॅटऱ्यांची तुलना करायची तर वॅट-तास पाहावेत. क्वेस्ट २ (२०२०) ची बॅटरी १४ वॅट-तासांची आणि चालते दोन ते तीन तास. म्हणजे यंत्र सरासरी पाच ते सात वॅट खाते. क्वेस्ट ३ (२०२३) ची बॅटरी १९.४४ वॅट-तासांची, तरी कंपनीचा अंदाज सरासरी २.२ तासांचाच. भाग दिला की नऊ वॅटच्या किंचित खाली उत्तर येते. बॅटरी मोठी झाली, पण अधिक ताकदीचा प्रोसेसर, जास्त तपशिलाचे पडदे आणि बाहेरचे जग रंगीत दाखवणारे कॅमेरे यांनी ती वाढ खाऊन टाकली.

हे गणित एकदा कळले की अनेक तक्रारींचा उलगडा होतो. हेडसेट केबलने संगणकाला जोडलेला असताना बॅटरी हळूहळू उतरतच जाते, हा अनेकांचा अनुभव. संगणकाचे साधे यूएसबी ३ पोर्ट प्रमाणानुसार पाच व्होल्टवर ०.९ अँपिअर देते, म्हणजे साडेचार वॅट. मागणी नऊ वॅटची आणि आवक साडेचारची, त्यामुळे तूट बॅटरीतून भरली जाते. यावर उपाय म्हणून दोन वाटांच्या केबल मिळतात : एक टोक संगणकाला, दुसरे हेडसेटला आणि मधल्या एका फाट्याला भिंतीवरचा चार्जर. जे लोक कामासाठी तासन्‌तास संगणकाशी जोडून हेडसेट वापरतात, त्यांनी इतर काही घेण्याआधी ही केबल घ्यावी.

पॉवर बँकेचाही हिशेब असाच करावा. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचा असतो, म्हणजे ३७ वॅट-तास. व्होल्टेज चढवताना-उतरवताना काही भाग उष्णतेत जातो. वीस टक्के घट धरली तर हाती सुमारे ३० वॅट-तास उरतात आणि क्वेस्ट ३ त्यावर साधारण सव्वातीन तास चालावा. वेष्टनावर दहा तासांचा दावा असेल तर तो याच हिशेबाने तपासून पाहता येतो.

बॅटरीचा पट्टा. क्वेस्ट २ चे वजन ५०३ ग्रॅम आणि क्वेस्ट ३ चे ५१५ ग्रॅम. ऐकायला हा भार फार नाही. पण तो जवळजवळ सगळा चेहऱ्याच्या पुढे लटकतो, मानेच्या मणक्यापासून दूर. तरफेच्या नियमाने भार जितका दूर तितका त्याचा ओढा जास्त, आणि तो गालाच्या हाडांवर आणि मानेच्या मागच्या स्नायूंवर येतो. मूळ कापडी पट्टा आवळला की हेडसेट जागेवर राहतो, पण चेहऱ्यावर वळ उठतात. अशा वेळी डोक्याच्या मागे दोनशे-अडीचशे ग्रॅमची बॅटरी आली तर एकूण वजन वाढूनही हेडसेट हलका वाटतो. पाणी आणणाऱ्या कावडीचा तोल जसा दोन्ही बाजूंच्या घागरींनी राहतो, तसेच हे.

कंपन्यांनाही हे कळलेले दिसते. क्वेस्ट २ बरोबर बॅटरी असलेला ‘एलिट स्ट्रॅप’ वेगळा विकायला आला. वापरकाळ जवळपास दुप्पट होतो असा त्याचा दावा होता. सुरुवातीला काही एलिट पट्ट्यांचे प्लास्टिक तडकत असल्याच्या तक्रारी आल्या आणि विक्री काही काळ थांबवावी लागली. मागच्या भाराचा ताण बिजागरीवर येतो, त्यामुळे पट्टा निवडताना बॅटरीच्या आकड्याआधी हा सांधा पाहावा. ऑक्टोबर २०२२ मधल्या क्वेस्ट प्रोमध्ये आणि त्याच सुमाराच्या पिको ४ मध्ये मूळ बॅटरीच डोक्याच्या मागे हलवलेली होती. सर्वांत बोलके उदाहरण ॲपलचे. व्हिजन प्रोची (२०२४) बॅटरी डोक्यावर नाहीच. ३५३ ग्रॅमची ही बॅटरी केबलने जोडून खिशात ठेवायची. तरीही पुढचा भार जड वाटतो ही तक्रार राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या आवृत्तीबरोबर ॲपलने जो दुहेरी पट्टा दिला, त्याच्या मागच्या भागात टंगस्टनचे तुकडे शिवलेले आहेत. वीज न साठवणारे निव्वळ वजन मुद्दाम डोक्यावर चढवले गेले, यावरून तोल किती मोलाचा आहे ते दिसते.

बोबोव्हीआर या कंपनीने क्वेस्टसाठी चुंबकाने चिकटणाऱ्या बॅटरीचा पट्टा लोकप्रिय केला. तिच्या एम२ प्रो या पट्ट्याबरोबरची बॅटरी ५,२०० एमएएचची. पट्ट्याच्या मागच्या बाजूला एक सपाट बैठक आणि तीत पितळी रंगाचे काही बारीक संपर्कबिंदू असतात. बॅटरी उतरली की हेडसेट न काढता हात मागे न्यायचा, जुनी बॅटरी ओढून काढायची आणि भरलेली जवळ नेली की चुंबक ती खटकन जागेवर खेचून घेतो. मधल्या काही सेकंदांत हेडसेट आपल्या आतल्या बॅटरीवर चालू राहतो, खेळ थांबत नाही. एक बॅटरी डोक्यावर आणि दुसरी चार्जिंगला, असा क्रम ठेवला तर वेळेची मर्यादा डोळे आणि मान घालतील तेवढीच. घरगुती वापरासाठी या सगळ्या साधनांत हीच सर्वांत उपयोगी सुधारणा म्हणावी लागेल.

हीच सोय काही हेडसेटमध्ये मुळातच असते. एचटीसीच्या व्हाइव्ह फोकस ३ (२०२१) ची २६.६ वॅट-तासांची बॅटरी मागच्या कप्प्यातून काढून बदलता येते. पुढे आलेल्या फोकस व्हिजनमध्ये एक छोटी अंतर्गत बॅटरीही आहे, त्यामुळे बदलताना यंत्र बंद पडत नाही. प्रशिक्षण केंद्रे आणि गेमिंग पार्लर, जिथे एकामागून एक माणसे येत राहतात, तिथे ही रचना विशेष कामाची. व्हिजन प्रोमध्ये मात्र आत बॅटरीच नसल्याने केबल काढली की यंत्र बंद. वापरताना चार्जिंग करायचे तर त्या बॅटरीच्याच यूएसबी-सी पोर्टला चार्जर किंवा पॉवर बँक जोडावी लागते.

मागच्या बॅटरीचे तोटेही आहेत. उंच पाठीच्या खुर्चीत टेकून किंवा आडवे पडून चित्रपट पाहायचा असेल तर ती डोक्याखाली टोचते. पट्ट्याची केबल हेडसेटचे यूएसबी-सी पोर्ट अडवून ठेवते, त्यामुळे संगणकाशी तारेने जोडणी करता येत नाही आणि वाय-फायवर भागवावे लागते. जोरात मान फिरवावी लागते अशा खेळांत मागचा भार थांबायला किंचित उशीर लावतो, तेही जाणवते.

डॉक. डॉक म्हणजे हेडसेट आणि दोन्ही कंट्रोलर ठेवायचा चार्जिंगचा चौथरा. क्वेस्ट २ साठी अँकर कंपनीने २०२१ मध्ये काढलेला डॉक या प्रकाराचा नमुना ठरला. त्याच्याबरोबर एक इवलासा चुंबकी जोड मिळतो. तो हेडसेटच्या पोर्टमध्ये कायमचा बसवून ठेवायचा. कंट्रोलरच्या बॅटरीची झाकणे काढून संपर्कपट्ट्या असलेली नवी झाकणे लावायची आणि आत पेन्सिल सेलच्या आकाराचे रिचार्जेबल सेल घालायचे. मग खेळून झाले की सगळे चौथऱ्यावर नीट ठेवायचे, की दिवे लागतात. क्वेस्ट ३ मध्ये डॉकसाठीचे संपर्कबिंदू हेडसेटच्या अंगावरच दिलेले आहेत, त्यामुळे पोर्टमध्ये जोड अडकवण्याची गरज उरली नाही. क्वेस्ट प्रोबरोबर डॉक खोक्यातच मिळे. प्लेस्टेशन व्हीआर२ (२०२३) चा हेडसेट तारेने चालतो, म्हणून सोनीचा चार्जिंग चौथरा फक्त कंट्रोलरसाठी आहे.

डॉकने चार्जिंग वेगात होत नाही. साध्या केबलने हेडसेट तेवढ्याच वेळात भरतो. फायदा सवयीचा आहे : वस्तूंना ठरलेली जागा मिळते आणि पुढच्या वेळी तिन्ही तयार असतात. मात्र डॉक खिडकीजवळ ठेवू नये. हेडसेटच्या भिंगांवर बाहेरून ऊन पडले तर ते भिंगातून एकवटून पडद्यावर येते आणि तिथे कायमचा डाग पडतो. उघड्यावर भिंगे वर करून ठेवलेला हेडसेट काही मिनिटांच्या उन्हानेही खराब होऊ शकतो. भिंगांवर झाकण घालून ठेवणे हा सर्वांत स्वस्त विमा.

कंट्रोलरच्या सेलबाबत एक बारकावा. साधा अल्कलाइन पेन्सिल सेल दीड व्होल्टचा आणि निकेल-मेटल हायड्राइडचा रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा. म्हणून पूर्ण भरलेला रिचार्जेबल सेलही पडद्यावर कमी टक्के दाखवू शकतो. त्यात बिघाड काही नाही. दीड व्होल्ट देणारे लिथियम पेन्सिल सेलही मिळतात. ते शेवटपर्यंत भरलेलेच दाखवतात आणि मग एकदम बंद पडतात.

चार्जर, केबल आणि जोड. क्वेस्ट ३ बरोबर १८ वॅटचा चार्जर मिळतो. ६५ वॅटचा लॅपटॉप चार्जर लावल्याने हेडसेट जळत नाही आणि चौपट वेगाने भरतही नाही, कारण यूएसबी-सीमध्ये किती वीज घ्यायची ते दोन्ही टोके बोलून ठरवतात. काही स्वस्त डॉक आणि पट्टे मात्र हे बोलणे जाणत नाहीत. त्यांच्यात आवश्यक रोधकच नसतो, त्यामुळे दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेल्या केबलवर ते चार्जच होत नाहीत आणि जुन्या चपट्या यूएसबीचीच केबल लागते. परदेशातून आणलेले चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतात. फक्त पिनांसाठी जोड लागतो.

चुंबकी जोड सोयीचा, पण यूएसबी-सीच्या प्रमाणात बसत नाही. त्याचे संपर्कबिंदू उघडे असतात आणि ते तिरके चिकटले किंवा मध्ये लोखंडाचा कीस आला तर शॉर्ट होण्याची शक्यता राहते. घामाचा धोकाही तसाच. व्यायामाचे खेळ खेळून ओला झालेला हेडसेट लगेच डॉकवर ठेवला की खारट ओलाव्यातून वीज वाहते आणि संपर्कबिंदू गंजतात. कोकण-गोव्याच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात हे लवकर होते. कोरड्या सुती कापडाने पुसून, थोडा वेळ वाळू देऊन मगच चार्जिंगला लावावे.

आयुष्य आणि सुरक्षितता. लिथियम बॅटरीला उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेले राहणे या दोन गोष्टी मानवत नाहीत. बॅटरीच्या पट्ट्यावर खेळताना या दोन्ही एकत्र येतात, कारण आतली बॅटरी भरलेलीच राहते आणि शेजारी प्रोसेसर तापलेला असतो. महिनाभर वापर नसेल तर हेडसेट निम्मा भरून, पूर्ण बंद करून ठेवावा. अनेक हेडसेट एकत्र चार्ज करणाऱ्या शाळा-महाविद्यालयांत कपाटासारख्या चार्जिंग ट्रॉली वापरतात. १८ वॅटचे वीस हेडसेट म्हणजे फक्त ३६० वॅट. विजेचा भार किरकोळ आहे, कपाटात हवा खेळती हवी.

भारतात लिथियम सेल आणि बॅटऱ्यांसाठी आयएस १६०४६ या प्रमाणाखाली बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे, पॉवर बँकाही सक्तीच्या यादीत येतात. ऑनलाइन मागवलेल्या बिननावाच्या सुट्या बॅटरीवर या नोंदणीचा शिक्का आहे का ते पाहावे, कारण ती डोक्याला चिकटून तापणारी वस्तू आहे. विमानप्रवासात सुटी बॅटरी हातातल्या सामानातच न्यावी लागते आणि १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी सर्वसाधारणपणे चालते. वर आलेल्या सगळ्या बॅटऱ्या त्या मर्यादेच्या आत आहेत.

आतली बॅटरी बदलणे ही सर्वांत अवघड सुधारणा. ती यंत्राच्या पोटात असते आणि तिच्यापर्यंत पोहोचायला कॅमेऱ्यांच्या नाजूक पट्टीवजा तारा सोडवाव्या लागतात. म्हणून थकलेल्या बॅटरीचा जुना हेडसेट बहुतेक लोक बाहेरच्या बॅटरीवर चालवतात आणि तो तसा आणखी काही वर्षे चालतो. पण कवच फुगलेले दिसले किंवा सांध्यात फट पडली, तर तो लगेच बंद करावा, चार्जिंगला लावू नये आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. अशी बॅटरी अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राकडे द्यावी.