धुके वाळविण्याची कुळकथा

नवापूरच्या रेल्वे स्थानकाची तिकीटखिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत असल्यामुळे तेथल्या उतारूला सरहद्दीचे विस्मरण होणे कठीण; परंतु पौषातल्या पहाटे रंगावलीकडून येणारे धुके ती सरहद्द मुळीच जुमानत नाही, आणि बाकडे, रूळ, सिग्नलचा तांबडा दिवा असे सारे एकामागून एक गिळीत जाते.

अशा धुक्यावर वैमानिकांच्या जगाने योजिलेला पहिला मोठा उपाय अग्नीचा होता. दुसऱ्या महायुद्धात, मोहिमेवरून परतलेली विमाने धुक्यात उतरवावीत कशी या विवंचनेतून, ब्रिटिशांनी १९४२ साली धावपट्टीच्या दुतर्फा नळ घालून पेट्रोल जाळण्याचे प्रयोग आरंभिले. ‘फिडो’ नावाच्या या तजविजीने सुमारे अडीच हजार विमाने उतरविली. पण तासागणिक हजारो गॅलन पेट्रोल भस्मसात करणारा तो जमाखर्च युद्ध सरताच कोणाला परवडेना. दुसरी वाट बर्फाची: १९४६ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर यांनी विमानातून शुष्क बर्फ टाकून ढगात हिमकण निर्माण केले खरे. तथापि तो उपाय गोठणबिंदूखालीही द्रवच राहिलेल्या जलकणांपुरता, खानदेशातल्या धुक्याला तो लागू नव्हे.

तिसरी वाट हेलिकॉप्टरची. सप्टेंबर १९६९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील लुइसबर्ग येथे अमेरिकी वायुदलाच्या केंब्रिज संशोधन प्रयोगशाळेने धुक्याच्या माथ्यावर हेलिकॉप्टर अधांतरी स्थिर ठेवून धुके हटविण्याचे प्रयोग केले. उफणणीत वाऱ्याने भुसा उडावा तसे पात्यांच्या झोताने धुके उडत असेल, असा समज सहज होतो. वस्तुतः रात्री भूमी निवाली की तिला बिलगलेली हवा गार होते, तिच्यावर तुलनेने उबदार व कोरडी हवा झाकणासारखी बसते, आणि पाती ही वरचीच हवा खाली लोटून धुक्यात कालवितात, तेव्हा घनमीटरमागे बहुधा अर्धा ग्रॅमही नसलेले ते पाणी वाफ होऊन दिसेनासे होते. धुके उडत नाही, वाळते. मात्र थर जाड असला की हे बळ तोकडे पडते, आणि हेलिकॉप्टर हलताच भोवतालचे धुके ते भगदाड पुन्हा बुजविते.

नवापुरात हेच कालविणे सूर्य खालून करतो: जमीन तापते, हवा ढवळली जाते, झाकण ढळते, आणि महाराष्ट्रातल्या बाकड्यावर बसलेल्या उतारूला फलाटाचे गुजरातेतले टोक हळूहळू दिसू लागते.