एका पित्याची दोन लेकरे : भांडण ग्रंथाचे की जमिनीचे?



नववीच्या वर्गात इतिहासाचा तास चालू असताना एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, यहुदी लोक आपले शत्रू आहेत असे कुरआनातच लिहिले आहे ना?" मुलगा हुशार होता, आणि गाझातील मुलांचे हाल मोबाइलवर पाहून त्याचे मन दुखावले होते. त्याने आयुष्यात एकही यहुदी माणूस पाहिला नव्हता. तास संपत आला होता, म्हणून मी दोन वाक्ये बोलून वेळ मारून नेली. त्या अर्धवट उत्तराची रुखरुख मनात राहिली. आज स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर पूर्ण करीत आहे.

प्रथम मूळ कथा पाहू. हजरत इब्राहीम (अ.स.) यांना दोन पुत्र झाले. हाजरांच्या पोटी इस्माईल (अ.स.) आणि साराच्या पोटी इसहाक (अ.स.). यहुदी आपली वंशावळ इसहाक आणि त्यांचे पुत्र याकूब यांच्यापासून सांगतात. याकूब यांचेच दुसरे नाव इस्राईल, म्हणून त्यांचे वंशज ते 'बनी इस्राईल'. अरब लोक आपले मूळ इस्माईलपर्यंत नेतात. म्हणजे ज्यांना आज आपण कट्टर वैरी समजतो, ते परंपरेने चुलत भाऊ ठरतात.

दोन्ही ग्रंथांत कथेचे तपशील वेगळे आहेत, हे लपविण्याचे कारण नाही. तौरातमधील उत्पत्तीच्या पुस्तकात सारा आणि हाजरा यांच्यातील घरगुती बेबनावाचे वर्णन आहे. हाजरा व इस्माईल यांना घराबाहेर जावे लागते आणि खास करार इसहाकच्या वंशाशी होतो. कुर्बानीसाठी नेलेला पुत्रही तेथे इसहाक आहे. मुस्लिम परंपरेत आई आणि बाळ मक्केच्या निर्जन खोऱ्यात राहतात. पाण्यासाठी हाजरा सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये धावतात आणि जमजमचा झरा फुटतो. हाजी लोक आजही तेथे सई करतात. बकरी ईदला आपण ज्या कुर्बानीची आठवण करतो, तिच्यातील पुत्र इस्माईल होते अशी आपली सर्वसाधारण श्रद्धा आहे. तथापि कुरआनाच्या 'साफ्फात' या सूरेत त्या पुत्राचे नाव घेतलेले नाही, आणि इमाम तबरींसारख्या थोर भाष्यकारांनी तो पुत्र इसहाक असावा असे मत दिले होते. मतभेद होते, पण त्यासाठी कोणी तलवार उपसली नाही.

आणि तौरातमधील एक प्रसंग फार थोड्यांना ठाऊक असतो. हाजराच्या लेकरालाही मोठे राष्ट्र करण्याचे वचन ईश्वर तेथे देतो. पुढे इब्राहीम वारतात तेव्हा इसहाक आणि इस्माईल हे दोघे भाऊ एकत्र येऊन पित्याला हेब्रोनजवळच्या गुहेत दफन करतात. ग्रंथाने या भावांची शेवटची भेट दाखविली ती पित्याच्या कबरीपाशी, खांद्याला खांदा लावून. वैराचा दाखला म्हणून याच ग्रंथाकडे बोट दाखविणाऱ्यांनी हे पान अवश्य वाचावे.

आता मदीनेकडे वळू. इ. स. ६२२ मध्ये पैगंबर हजरत मुहम्मद (स.) मदीनेस आले तेव्हा तेथे यहुदी कबिले राहत होते. त्यांच्याशी करार झाला. प्रत्येकाने आपापला धर्म पाळावा आणि शहरावर हल्ला झाल्यास मिळून रक्षण करावे, असा त्याचा आशय होता. हा करार टिकला नाही. करारभंगाच्या आरोपावरून संघर्ष झाला. बनू कैनुका आणि बनू नजीर हे कबिले शहराबाहेर गेले, आणि ६२७ मधील खंदकाच्या लढाईनंतर बनू कुरैजाच्या पुरुषांना देहदंड झाला. हा इतिहास कठोर आहे आणि शिक्षकाने तो गाळू नये. परंतु तो विशिष्ट काळातील, विशिष्ट कबिल्यांशी झालेल्या युद्धाचा इतिहास आहे. कुरआनात यहुदींवर जी कडक टीका येते तिच्यातील बराच भाग या काळाशी निगडित आहे. त्याच कुरआनात असेही बजावले आहे की ते सारे सारखे नाहीत, त्यांच्यात सन्मार्गी लोकही आहेत. त्यांचे अन्न आपल्याला हलाल ठरविले आहे. ज्यांचे नाव कुरआनात सर्वांत अधिक वेळा येते ते पैगंबर म्हणजे बनी इस्राईलचेच हजरत मूसा (अ.स.) होत. एका यहुदी माणसाची अंत्ययात्रा जात असता पैगंबर उठून उभे राहिले, आणि त्यांच्या निधनसमयी त्यांचे चिलखत एका यहुदीकडे धान्यासाठी गहाण होते, असे हदीस सांगते. वैऱ्याशी असा व्यवहार कोणी ठेवील काय?

पुढील शतकांत सुख-दुःख दोन्ही झाले. कुर्तुब्यात जन्मलेल्या मूसा बिन मैमून या यहुदी पंडिताला तेथील मुस्लिम राजवटीच्या जाचामुळे देश सोडावा लागला, आणि त्यालाच सुलतान सलाहुद्दीनच्या काळात कैरोमध्ये राजवैद्याचा मान मिळाला. १४९२ मध्ये स्पेनच्या ख्रिस्ती राजाराणीने यहुदींना हाकलले तेव्हा उस्मानी सुलतानाने त्यांना आश्रय दिला. ग्रंथ तेच होते, पण राज्यकर्ते बदलले की वागणूक बदलत असे.

वाचकहो, आता दूरचे सोडून आपल्या महाराष्ट्राकडे या. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ नवगाव आहे. तेथे फार पूर्वी एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्राईल समाजाची परंपरा आहे. हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. त्यांची भाषा मराठी, आडनावे केहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी. त्यांच्या स्त्रिया नऊवारी नेसत. एलिया पैगंबराच्या नावाने ते जो प्रसाद करतात त्याला ते 'मलिदा' म्हणतात. आपल्या घरी फातेहाला होणारा मलिदा कोणाला ठाऊक नाही?

मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत, आणि मशीद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असेही सांगितले जाते. दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते आणि म्हैसूरच्या युद्धात कैद झाले होते. त्यांच्या समाजात अशी कथा सांगतात की कैद्यांना विचारपूस झाली तेव्हा त्यांनी आपण बनी इस्राईल असल्याचे सांगितले. टिपू सुलतानच्या आईने हे ऐकले आणि ज्यांचे नाव कुरआनात आहे ते लोक प्रत्यक्ष भेटले म्हणून त्यांचे प्राण वाचविले. कथा शब्दशः खरी असो वा नसो, एक यहुदी समाज ती पिढ्यान् पिढ्या कृतज्ञतेने सांगत आला. येथे कुरआनातील नावाने जीव घेतला नाही, जीव वाचविला.

शिक्षणाची गोष्ट तर आपल्या संस्थेला विचार करायला लावणारी आहे. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये आपल्या समाजाच्या मुलांसाठी मुंबईत शाळा काढली. ती पुढे माझगाव येथील सर एली कदूरी शाळा म्हणून प्रसिद्ध झाली. १९४८ नंतर बेने इस्राईल मोठ्या संख्येने इस्राईलला गेले. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात यहुदींची संख्या पाच हजारांच्या आतच भरली. कदूरी शाळा आणि भायखळ्याची सर जेकब ससून शाळा मात्र चालू राहिल्या, आणि त्यांच्या वर्गांत बहुसंख्येने मुस्लिम मुले शिकू लागली. यहुदींनी बांधलेल्या शाळेत मुसलमानांची लेकरे शिकतात, याचा गाजावाजा कोणी करीत नाही.

मग भांडण आले कोठून? १८९७ मध्ये बाझल येथे झायोनिस्ट परिषद भरली. १९१७ मध्ये बाल्फोर जाहीरनामा निघाला. युरोपात नाझींनी साठ लाख यहुदी मारले, त्या पापाची किंमत मात्र पॅलेस्टिनी शेतकऱ्याला मोजावी लागली. १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले, आणि पुढील वर्षांत अरब देशांतील लाखो यहुदींनाही घरे सोडावी लागली. १९६७ चे युद्ध, ७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला आणि त्यानंतर गाझात मारले गेलेले हजारो जीव, हा सारा जमीन, सत्ता आणि न्याय यांचा प्रश्न आहे. पॅलेस्टिनी जनतेला न्याय मिळावा असे म्हणणे रास्तच आहे. १९३८ मध्ये गांधीजींनी यहुदींच्या छळाबद्दल तीव्र दुःख व्यक्त केले आणि त्याच लेखात अरबांवर त्यांना लादणे चूक आहे असेही सांगितले. दोघांचे दुःख एकाच मनात मावू शकते.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या ग्रंथातील अर्धी आयत उचलून कोणी आपल्यावर आरोप ठेवला तर आपल्याला किती झोंबते! मागचे-पुढचे वाचा, असे आपण त्याला म्हणतो. हाच न्याय आपण दुसऱ्याला लावला पाहिजे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत अतिरेक्यांनी ज्या अनेक ठिकाणी निरपराधांचे बळी घेतले, त्यांत यहुदींचे नरिमन हाऊसही होते. तेव्हा मुंबईच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी त्या मारेकऱ्यांना आपल्या भूमीत दफन करण्यास नकार दिला. धर्माचे नाव घेऊन निरपराधाला मारणाऱ्याशी आपले नाते नाही, हे त्यांनी भाषणाविना सांगितले.

पालकांना एवढीच विनंती की मुलाने असा प्रश्न घरी विचारला तर त्याला गप्प बसवू नका, आणि "होय" म्हणून मोकळेही होऊ नका. त्याच्याबरोबर बसून वाचा. आणि त्या नववीच्या विद्यार्थ्याला माझे उत्तर हे की, बाळा, कुरआनात यहुदींशी झालेले भांडणही आहे आणि त्यांच्याशी असलेले नातेही आहे. अन्यायाविरुद्ध जरूर बोल, मात्र ते बोलताना नाते विसरू नकोस.