तेरुकु रेंची

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी ओसाकात मी एक बोल्ट खेचून लांब केला होता. तोडला नाही, लांब केला. तोडला असता तर निदान आवाज तरी झाला असता.

झालं असं, की एका चाचणीच्या सांगाड्यावर एम-१० मापाचे आठ बोल्ट ४५ न्यूटन-मीटरला आवळायचे होते. कागदावर तसं लिहिलं होतं. मी शहाणपणा करून प्रत्येक बोल्टच्या आट्यांना मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस चोपडलं (पुढे काढायला सोपं जावं म्हणून!), टॉर्क रेंच ४५ वर लावला आणि ओढायला लागलो. पहिला बोल्ट फिरतोय, फिरतोय, आणि खटका काही वाजत नाही. मला वाटलं रेंच बिघडला. आणखी पाव फेरा दिला. तेव्हा मागे उभे असलेले साठीचे तंत्रज्ञ पुढे आले, माझ्या हातातून रेंच काढून घेतला, बोल्टकडे बघितलं आणि एकच शब्द बोलले, "गुरीसु?" म्हणजे ग्रीस.

मग त्यांनी तो बोल्ट काढून नव्या बोल्टशेजारी ठेवला. आट्यांच्या मध्ये कंबर बारीक झालेली स्पष्ट दिसत होती. रेंच ठणठणीत होता. बोल्ट आतून वाहायला लागला होता, त्यामुळे ४५ पर्यंत टॉर्क चढतच नव्हता आणि म्हणून खटका वाजत नव्हता. त्या दिवशी मला जपानी मेकॅनिकांचा एक जुना विनोदही शिकायला मिळाला. टॉर्क रेंचला जपानीत म्हणतात 'तोरुकु रेंची'. 'ते' म्हणजे हात. तर रेंच न वापरता नुसत्या हाताच्या अंदाजाने आवळणाऱ्याकडे असते ती 'तेरुकु रेंची'. "तुला आधी ती घ्यायला हवी," असं ते हसत म्हणाले.

मला ती माहीत होती. कोल्हापूरला उद्यमनगरात माझ्या मामांचं गॅरेज आहे आणि माझं अर्धं बालपण तिथे गोट्या (खेळायच्या नव्हेत, पान्याच्या!) मापाप्रमाणे लावून ठेवण्यात गेलं. मामांकडे टॉर्क रेंच कधीच नव्हता. चाकाचे नट टामीने आवळताना ते शेवटच्या झटक्याला डोळे किंचित मिटायचे, आणि "बसला" म्हणायचे. झालं.

आता हा बसण्याचा प्रश्न माणसाला आकड्यात कधीपासून मांडावासा वाटला? बोल्ट तर जुनेच. पण टॉर्क रेंचच्या इतिहासात सहसा पहिलं नाव येतं कॉनराड बार यांचं. न्यूयॉर्क शहराच्या पाणीखात्यात ते कामाला होते. पाण्याच्या आणि वाफेच्या मोठ्या नळांच्या जोडावर गोल ओळीने बोल्ट असतात. कामगार जोर लावून एखादा बोल्ट जास्त पिळायचे, मग बोल्ट तरी तुटायचा नाहीतर जोड तरी गळायचा. त्यावर बार यांनी १९१८ साली ठरावीक जोरापुढे आवळू न देणारा पाना काढला असं सांगतात. गंमत बघा, हे हत्यार जन्माला आलं ते नट ढिला राहतो म्हणून नाही, तर माणूस फार जोर लावतो म्हणून. मोटारींचा जमाना वाढला तसा क्रायस्लर कंपनीत काट्याचा, म्हणजे दांडी वाकते आणि काटा आकडा दाखवतो असा रेंच तयार झाला. पॉल स्टर्टेव्हंट यांनी त्याचं पेटंट १९३८ साली घेतलं आणि ते रेंच विकायला सुरुवात केली. इंजिनाचं डोकं बसवताना सगळे बोल्ट सारखेच ताणले गेले पाहिजेत, नाहीतर गॅसकेट फुंकलंच समजा. तिथे दहा कामगारांचे दहा हात चालणार नव्हते.

आज आपण बघतो तो खटक्याचा रेंच आतून अगदी साधा आहे. पोकळ नळीत एक लांब स्प्रिंग. मूठ फिरवली की स्प्रिंग दाबली जाते, आणि किती दाबली ते नळीवरच्या व मुठीवरच्या खुणांवर वाचायचं. स्प्रिंगच्या पुढे एक छोटा पोलादी ठोकळा, आणि त्याच्या पुढे डोक्याकडून आलेली दांडी. ठरवलेला टॉर्क आला की ठोकळा कलंडतो आणि दांडी नळीच्या भिंतीवर आपटते. हाताला धक्का, कानाला 'खट्'. जपानीत 'काचि'. आणि तुम्ही ओढत राहिलात तर? तर नट आवळला जातच राहणार! रेंच तुम्हाला थांबवत नाही, फक्त सांगतो. नव्या माणसाला हेच पटत नाही. तो खात्री म्हणून आणखी दोनदा खट्-खट् करतो आणि प्रत्येक खटक्याला नट थोडा पुढे सरकवतो.

पण माझ्या लांबलेल्या बोल्टचं काय? इथे थोडं गणित करू, घाबरू नका. बोल्ट म्हणजे खरं तर एक अतिशय ताठ स्प्रिंग. आपल्याला हवा असतो तो त्यातला ताण, कारण त्या ताणाने दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. आणि आपण मोजतो काय, तर पिळण्याचा जोर. या जोरातला ढोबळमानाने निम्मा भाग नटाखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि उरलेले दहाएक टक्के ताण देण्याच्या कामी येतात. (आपल्याकडच्या काही सरकारी योजनांची आठवण झाली ना?) कोरड्या आट्यांवर ४५ न्यूटन-मीटर लावले तर एम-१० बोल्टमध्ये साधारण सव्वादोन टनांचा ताण येतो. तेल लावलं तर त्याच आकड्याला तीन टन. आणि मॉलिब्डेनम ग्रीस लावलं तर हिशेब साडेचार टनांकडे जातो, जो ८.८ प्रतीच्या त्या बोल्टला सोसणारच नव्हता. आकडा तोच, रेंच तोच. फक्त मी घर्षण पळवून नेलं होतं.

म्हणजे टॉर्क रेंच खोटं बोलत नाही, पण आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही देत नाही. ओसाकाच्या आसपास राहिलं की या एका अडचणीवर या शहराने किती डोकं चालवलंय ते दिसत राहतं.

इथली एक जुनी हत्यारांची कंपनी म्हणजे 'तोने'. १९३८ पासूनची. टॉर्क रेंच ती बनवतेच, पण बांधकामावर तिचं नाव ऐकू येतं ते शिअर रेंचमुळे. जपानमध्ये पोलादी इमारतींचे सांधे जोडायला जो बोल्ट सर्रास वापरतात, त्याला टोकाशी एक जादा शेपूट असतं, मध्ये खाच देऊन बारीक केलेलं. विजेचा रेंच नट एका दिशेने फिरवतो आणि शेपूट दुसऱ्या दिशेने धरतो. ठरावीक जोर आला की शेपूट तुटून पडतं. इथे खटका रेंचमध्ये नसून बोल्टमध्येच आहे! शेपूट पडलं म्हणजे आवळला, आहे म्हणजे राहिला. खालून मुकादमालाही दिसतं. शिवाय त्याआधी बोल्ट, नट, वायसर आणि पत्रा यांवरून रंगाची एक सरळ रेघ मारतात. आवळल्यावर ती रेघ नटापाशी तुटलेली दिसली पाहिजे, आणि ती नेमकी कशी तुटली यावरून बोल्ट नटाबरोबर फुकट फिरला का तेही कळतं. आणि घर्षण? तर हे बोल्ट आट्यांना कारखान्यातच वंगण लावून, बंद खोक्यात येतात आणि पावसात भिजू द्यायचे नसतात. माझ्यासारख्या शहाण्यांनी वरून काही चोपडू नये एवढीच अपेक्षा.

दुसरी गोष्ट पूर्व ओसाकातली, म्हणजे हिगाशी-ओसाकातली. छोट्या छोट्या कारखान्यांचं हे शहर आपल्या उद्यमनगराची मोठी बहीण शोभेल. इथल्या वाकाबायाशी कात्सुहिको यांनी न सुटणारा एक नट बनवून विकला होता, पण फार हादरे बसले की तोही ढिला पडतो अशा तक्रारी यायच्या. त्यांना उपाय सुचला तो सुमियोशी ताइशा या ओसाकातल्या प्राचीन देवस्थानी. तिथल्या तोरणाच्या (जपानी 'तोरी') आडव्या तुळईत लाकडी पाचर ठोकलेली असते. आपल्याकडे पाचर मारणं म्हणजे कुणाचं तरी काम बिघडवणं. यांनी मात्र पाचरीवर १९७४ साली कंपनी उभी केली, हार्डलॉक. दोन नट, खालच्याला फुगीर तोंड आणि ते किंचित मध्यापासून सरकलेलं, वरच्याला खोलगट. वरचा आवळला की खालचा बाजूने पाचरीसारखा बोल्टला दाबतो. शिंकानसेनमध्ये हे नट आहेत, टोकियोच्या स्कायट्रीमध्ये आहेत. मी मुद्दाम ट्रामने सुमियोशीला जाऊन ते तोरण बघून आलो. शेजारी एक आजी मला विचारत होत्या, देवळात न जाता वर काय बघतोयस?

पण सगळंच कौतुकाचं नाही. माझ्या विद्यापीठाच्या सुइता परिसराला लागूनच १९७० च्या जागतिक प्रदर्शनाचं मैदान आहे. त्या प्रदर्शनातून सुरू झालेली 'एक्स्पोलँड' ही जत्रा पुढे कित्येक वर्षं चालली. ५ मे २००७, जपानमधला बालदिन, सुट्टीचा दिवस. उभं राहून बसायच्या (हो, असंच म्हणावं लागेल) 'फुजिन राइजिन २' या रोलरकोस्टरच्या एका डब्याचा आस मोडला. एकोणीस वर्षांची एक मुलगी गेली, एकोणीस जण जखमी झाले. आस धातूच्या थकव्याने मोडला होता. १९९२ पासून तो बदललेलाच नव्हता, आणि भेगा शोधण्याची वार्षिक तपासणी सुट्ट्यांच्या गर्दीनंतर करू म्हणून पुढे ढकलली होती. २००९ साली जत्रा कायमची बंद झाली. आज तिथे मोठा मॉल आहे आणि वर एक उंच पाळणा फिरतो. चांगला टॉर्क रेंच असता तर तो आस वाचला असता असं मी म्हणत नाही, तो वेगळा विषय आहे. पण आमच्या तंत्रज्ञांनी मला ही गोष्ट नेमकी रेंचच्या तपासणीची तारीख चुकवली तेव्हा ऐकवली. "खटका फक्त त्या क्षणाचा असतो," असं ते म्हणाले, आणि चिठ्ठीवरची तारीख दाखवली.

ती चिठ्ठी आमच्या प्रत्येक रेंचवर असते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, बनवणाऱ्याने वेगळं काही सांगितलं नसेल, तर वर्षाने किंवा ५,००० खटक्यांनी, जे आधी होईल तेव्हा, रेंच तपासायचा. १० न्यूटन-मीटरच्या वरच्या रेंचला चार टक्के इकडेतिकडे चालतं, त्याहून जास्त नाही. बाकीचे नियम मला तोंडपाठ झाले आहेत. वापर झाला की मूठ उलटी फिरवून सर्वांत खालच्या खुणेवर आणायची, पण त्याच्याही खाली नाही, नाहीतर आतला ठोकळा जागा सोडतो. आकडा लावताना खालून वर यायचं. मूठ मध्यावर धरायची, सावकाश ओढायचं, आणि एका खटक्यावर थांबायचं. बरेच दिवस पडून असला तर आधी दोनचार खटके मोकळे घ्यायचे म्हणजे आतलं ग्रीस पसरतं. रॉकेलमध्ये बुडवून धुवायचा नाही, ते ग्रीस धुऊन जातं. खाली पडला तर न लाजता सांगायचं आणि तपासायला पाठवायचा. आणि सर्वांत महत्त्वाचं, गंजलेला नट सोडवायला हा रेंच कधीही वापरायचा नाही. त्याला टामी आहे.

चार वर्षांपूर्वी मी मामांना एक जपानी टॉर्क रेंच नेऊन दिला. त्यांच्या उजव्या हाताला आता थोडा कंप आहे, आणि गॅरेजात दोन नवी पोरं आहेत. मामांनी तो पेटीतून काढून नव्या सुनेकडे बघावं तसा कौतुकाने बघितला. मी सगळे नियम सांगितले. त्यांनी मान डोलावली.

गेल्या दिवाळीत गेलो तर रेंच खिळ्याला टांगलेला, ११० वर लावलेला. "रोज चाकंच असतात, कशाला सारखं खाली-वर करायचं?" इति मोठं पोरगं. वर्षानुवर्षं स्प्रिंग दाबलेलीच. मी तो सामानात घालून ओसाकाला आणला आणि तपासणीच्या यंत्रावर लावला. १०० वर ठेवून पाच वेळा ओढला. खटका ८७ ते ८९ च्या मध्ये. म्हणजे तिथून बाहेर पडलेल्या प्रत्येक टेम्पोचे नट दहा-बारा टक्के ढिले. पोटात गोळा आला. लगेच फोन लावला.

"मामा, तुमचा रेंच कमी दाखवतोय. कधीपासून ते सांगता येत नाही. शंभर म्हणतो तेव्हा अठ्ठ्याऐंशीच असतात."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "आरं तरीच. पाडव्यापासनं बघतोय मी, खटका वाजतोय आन् नट अजून मागतोय. पोरांना म्हणायचो, जरा अजून द्या. तर म्हणत्यात, मामा, मशीन खोटं बोलतंय व्हय? मग मीच टामी घेऊन मागनं फिरायचो."

"सगळ्या गाड्यांना?"

"माझ्या समोर झाल्या तेवढ्यांना."

ज्या समोर झाल्या नाहीत त्यांची वही काढून आम्ही फोनवरच यादी केली. एकवीस गाड्या. पोरांनी आठवड्याभरात सगळ्यांना बोलावून नट पुन्हा आवळले, अर्थात टामीने, आणि मामा शेजारी स्टूल टाकून बसले होते. रेंच इथे दुरुस्त होऊन आला आहे, नवी चिठ्ठी लावून. उन्हाळ्यात नेईन तेव्हा खिळ्याच्या शेजारी भिंतीवर नियमांचा कागद चिकटवायचा आहे. मामा म्हणालेत, मराठीत लिही, आणि अक्षर मोठं काढ.