पाय तालावर नको!

आमच्या यावल-फैजपूरकडे भजनाला जी पेटी वाजते ना, तिची थोरली बहीण म्हणजे संगीत नाटकातला ऑर्गन. याचा भाता पायाने चालतो, म्हणून दोन्ही हात मोकळे. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांमध्ये गाण्याच्या मागे जो भरदार सूर येतो, तो याचाच.

आता पेटीवाला ऑर्गनवर बसला की पहिली पंचाईत पायांची होते. पाय नकळत ताल धरतात. मग प्रत्येक मात्रेला हवेचा धक्का बसतो आणि वर गायकाने लांब सूर लावला असला, तर खाली ऑर्गन हेलकावे खातो. म्हणून हात तालात आणि पाय मात्र तालापासून तोडलेले, ही पहिली कसरत. दुसरी खोड म्हणजे आवाज वाढवायला पट्टी जोरात दाबणं. भाऊ, हा पियानो नाही! पट्टी फक्त झडप उघडते, आवाज हवेवर ठरतो. जोर लावला तर लाकडाची खटखट तेवढी वाढते. आणि तिसरी सगळ्यात चिवट: एक बोट उचलून मग दुसरं ठेवणं. मध्ये बारीकशी फट पडते, सूर तुटतो. पुढची पट्टी दाबली जाईपर्यंत आधीची सोडायची नसते.

हे किरकोळ वाटेल. पण १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने, म्हणजे तेव्हाच्या ऑल इंडिया रेडिओने, हार्मोनियमवर बंदीच घातली. मींड निघत नाही, सूर ठोकळेबाज, श्रुती जुळत नाहीत, असे आक्षेप होते. श्रुतींचं खरंच आहे. सूर कारखान्यातच ठरून येतात, हार्डवेअरला आपण पॅच देऊ शकत नाही. पण ‘तुटक वाजते’ हा दोष, मला विचाराल तर, वाद्याचा कमी आणि बोटांचा जास्त.

बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. तोवर इकडे नाटकात ऑर्गन आणि मैफलीत पेटी वाजवणारे गोविंदराव पटवर्धन होते, पी. मधुकर होते. मधुकरांचे शिष्य, गोव्याचे तुळशीदास बोरकर, यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. बोरकरांचं एकल वादन इअरफोन लावून ऐका. दोन सुरांमधली फट सापडते का बघा, आणि सापडली तर कितव्या मिनिटाला ते आम्हाला कळवा.