रानाची ओळख

आषाढात बजाजनगरातील एखाद्या मोकळ्या भूखंडाकडे पाहावे, तो तेथे गुडघाभर हिरवळ माजलेली असते. जवळच्या एखाद्या शाळकरी मुलास तिचे नाव विचारले, तर तो सहज उत्तर देतो, "गवत." त्या गवतात तरोटा असतो, कुर्डू असतो, कडेस घोळ पसरलेली असते. ज्यांच्या आजीने ही पाने ओच्यात खुडून आणली, त्यांच्याच नातवंडांस ती ओळखू येऊ नयेत, याचा आम्हांस खेद होतो. वाळूजच्या या वसाहतीत कारखान्यांतील कामासाठी ठिकठिकाणांहून कुटुंबे आली. त्यांच्याबरोबर गावची बोली आली, कुलदैवते आली. रानाची ओळख तेवढी मागे राहिली.

दोष मुलांचा नव्हे. आपल्या शाळेने रानास विद्येचे स्थान कधी दिले नाही. इतिहासानेही दिले नाही. कन्नडहून चाळीसगावकडे उतरणाऱ्या घाटास औट्रम घाट म्हणतात. १८२५ साली खानदेशात भिल्लांची पलटण उभारणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याचे ते नाव आहे. आमच्या पुस्तकांत भिल्ल येतो तो बंडखोर किंवा शिपाई म्हणून. कोणता कंद केव्हा खणावा हे जाणणारा म्हणून तो येत नाही.

या रीतीहून निराळी वाट महाराष्ट्रात एकदा चोखाळली गेली. १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासमवेत नूतन बालशिक्षण संघ स्थापन करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ साली डहाणूच्या बाजूस बोर्डी येथे आल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच मिळाल्या. त्याच वर्षी त्या मुलखातील वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले गुरे राखीत असल्याने शाळेत येऊ शकत नसत. तेव्हा शाळाच त्यांच्यामागून कुरणात गेली. हीच ती कुरणशाळा. महागड्या साधनांच्या जागी खडे, बिया, पाने ही साधने झाली. मुलाच्या हाताशी जे आहे तेथूनच विद्येचा आरंभ करावा, हे तत्त्व या दोघींनी आचरून दाखविले.

आणि त्या मुलांच्या हाताशी थोडे का होते? आपण ऋतूंची नावे पाठ करतो. वारल्याचे मूल ऋतू पानांवरून ओळखते. चैत्रात मोहाची फुले गळतात. पावसाच्या तोंडावर शेवळे वर येतात; ती खाजरी, म्हणून काकडाच्या आंबट फळांसह शिजवावी लागतात. मग टाकळा, म्हणजेच आपला तरोटा, आणि पावसाळा भरात आला की करटोली. नवे भात हाती आले की तारपा वाजू लागतो. पहिली कोवळी भाजी देवास दाखविल्यावाचून खायची नाही, असाही रिवाज आहे. त्या विलंबाने रोपांस मूळ धरण्यास अवधी मिळत असावा, असे आम्हांस वाटते.

दूर नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातील नूंगार लोकही वर्षाचे सहा ऋतू मानतात, आणि आता तेथील शाळांतून मुलांस ते शिकविले जातात. आपल्याकडे मात्र आश्रमशाळेत वर्षाचा बहुतेक काळ घालविणाऱ्या आदिवासी मुलास अक्षरओळख होते आणि रान परके होत जाते. ही हानी लहान नव्हे. कडूकंदासारखा कंद योग्य रीतीने शिजवून, धुऊन घेतला तरच अन्न. एरवी तो विषच. ही विद्या ऐकीव अर्धवट ज्ञानावर चालत नाही. ती जाणत्याच्या हाताखालीच शिकावी लागते, आणि तो जाणता हात वृद्ध होत चालला आहे.

अलीकडे ९ ऑगस्टच्या सुमारास ठिकठिकाणी रानभाज्यांचे महोत्सव भरतात, हे चांगलेच आहे. परंतु एका दिवसाच्या प्रदर्शनाने वर्षाचा क्रम मनात ठसत नाही. त्यासाठी आजीस शाळेत बोलवावे, किंवा वर्गासच आजीबरोबर माळावर पाठवावे. कारखान्यांच्या सांडपाण्याजवळचे पान खाऊ नये, हे सांगावयास नको. पण ते ओळखावयास कोणाची हरकत आहे? यंदाच्या पावसात वाचकांनी घरच्या मुलास एकवार त्या भूखंडापर्यंत न्यावे आणि घरातील वडीलधाऱ्या बाईस एवढेच विचारावे, "यातले कोणते आपल्याकडे खात असत?"